आत्याबाई, समजा एक होडी आहे

इंटर सायन्सला मी गणित आणि फिजिक्स या दोन्ही विषयांत नापास झाले, त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला. आत्याने केला. मी नापास झाल्याचा तिला आनंद झाला होता असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल, पण दुःख झालं होतं असंही म्हणता येणार नाही. पेणहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घरचा भात, एकच नणंद आणि तीही लग्न होऊन लांब गेलेली. अशा लोकांना 'दोन वर्षं थांबा, मुलीला बी.एस्सी. व्हायचंय' हे कुठल्या तोंडाने सांगायचं, या काळजीने ती महिनाभर झुरत होती. माझ्या निकालाने ती काळजी परस्पर मिटली, म्हणून शिरा.

मी शिऱ्याला हात लावला नाही. माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता. शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं की मला लग्न करायचं नाही, मला मुंबईला परत जायचंय, आणि ऑक्टोबरला मी पुन्हा परीक्षेला बसणार आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतेच गिरणीतून आले होते. पनवेलात त्यांची भाताची गिरणी होती आणि त्यांच्या भुवयांवर कायम कोंडा असायचा. त्यामुळे ते रागावलेत की नुसते दमलेत हे पटकन कळत नसे. त्यांनी आधी आत्याचं ऐकून घेतलं, मग माझं, आणि शिरा खाता खाता निकाल दिला. ऑक्टोबरला बसू दे. पास झाली तर मावशीकडे गिरगावात राहून पुढे शिकेल. नाही झाली तर मार्गशीर्षात लग्न, आणि मग कुणी माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही. मला ते मान्य करावंच लागलं. गणितात मला शंभरात अकरा गुण होते.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. ती अण्णांची थोरली बहीण, त्यांची अक्का. तिला तिसरीतून, वर्षाच्या मधेच, शाळेतून काढून चिरनेरला दिली होती. पंधराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून घर तिच्याच हातात होतं. तिला पंचांग वाचता यायचं, पदराच्या गाठी मोजून महिन्याचा हिशेब ठेवता यायचा, आणि स्वतः मासळी खात नसली तरी गाभोळी, म्हणजे अंडी, कुठल्या माशात आहे हे ती कोळणीच्या पाटीकडे नुसतं बघून सांगायची. गणित म्हणजे परपुरुषाशी बोलण्याचं एक निमित्त, असं तिचं मत होतं.

हे मत अगदीच निराधार नव्हतं, कारण सबंध पनवेलात मला इंटरचं गणित आणि फिजिक्स शिकवू शकेल असा एकच माणूस सापडला. तो तिशीच्या आतला होता, घाटावरून हायस्कुलात मास्तर म्हणून आला होता आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मास्तर स्वभावाने इतके भिडस्त होते की वर्गातल्या मुलांनासुद्धा ते 'बसता का जरा' असं म्हणत. अण्णांनी त्यांना विचारलं तेव्हा ते आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले, मग घाम पुसून पुन्हा नाही म्हणाले. शेवटी आत्यानेच अटी ठरवल्या. शिकवणी ओटीवर होईल, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला सगळं दिसेल. मास्तर पलीकडच्या बाकावर बसतील, मी माजघराच्या उंबऱ्याशी बसेन, आणि मधे आत्या. मास्तर माझ्याशी बोलणार नाहीत. जे बोलायचं ते आत्याशी बोलतील.

मला वाटलं, दोन दिवसांत हे आपोआप सैल होईल. पण भिडस्त माणसाला एकदा नियम मिळाला की तो त्याला घट्ट धरून बसतो. पहिल्या दिवशी मास्तर आले, ओटीच्या खांबाकडे पाहत बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, समजा एक शिडी आहे."

आत्या वाल सोलत होती. ती म्हणाली, "बरं."

"ती एका गुळगुळीत भिंतीला टेकवली आहे. खालची जमीन मात्र खडबडीत आहे."

आत्याने वाल सोलायचं थांबवून विचारलं की भिंत एवढी गुळगुळीत करणाऱ्या माणसाला जमीन सारवायला काय झालं होतं. मास्तर खांबाकडे पाहत म्हणाले की पुस्तकात तसं दिलेलं आहे. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "एक शिडी आहे. घर अर्धवट बांधलेलं आहे." मी मास्तरांपासून चार हातांवर होते. त्यांचं एकूण एक वाक्य मी ऐकलेलं होतं.

पाटीची अडचण त्याहून मोठी. मास्तर पाटीवर समीकरण लिहायचे, पण ती पाटी माझ्याकडे यायची नाही. पुरुषाने लिहिलेलं काही मुलीच्या हातात जाणं म्हणजे चिठ्ठीच, पाटीवरची असली म्हणून काय झालं, असं आत्याचं म्हणणं. तेव्हा पाटी तिच्याकडे जायची, ती ती लांब धरून बघायची आणि काय दिसतं ते मला सांगायची. मी ते माझ्या वहीत उतरवायचं. तिला इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं. ग्रीक अक्षर येणं तर शक्यच नव्हतं. म्हणून तिने नावं ठेवली. एक्स म्हणजे फुली. अल्फा म्हणजे मासा. पाय म्हणजे पाट, कारण वर फळी आणि खाली दोन पाय. थीटा म्हणजे करदोटा बांधलेलं बाळ. इंटिग्रलचं लांबट चिन्ह म्हणजे नाग, आणि अनंताचं आडवं चिन्ह म्हणजे चष्मा. आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी चढ्या आवाजात ऐकू यायचं की नागाच्या शेपटीशी शून्य आहे, फण्यावर चष्मा आहे, पुढे फुली, फुलीच्या खांद्यावर दोन. रस्त्यावरून जाणारे लोक थांबायचे. आमच्या घरी कुणाला तरी उतारा चालू आहे अशी बातमी बाजारात पसरली आणि वाण्याने अण्णांना हळूच विचारलं की मुलीला बरं आहे ना.

हे सगळं मी सहन केलं असतं. खरी आफत निराळीच होती. उदाहरण संपलं की मास्तर विचारायचे, "आत्याबाई, समजलं का?" आणि आत्या माझ्याकडे न बघता म्हणायची, "समजलं."

मला काहीही समजलेलं नसायचं. एकही पायरी नाही. पण आत्याने समजलं म्हटलं की मास्तर खांबाला मान डोलवून पुढच्या उदाहरणाकडे जायचे. असं सबंध आषाढ चाललं. वही भरत गेली आणि मी कोरडीच राहिले. एक दिवस मास्तर गेल्यावर मी वही आपटली आणि आत्याला म्हटलं, तू परस्पर समजलं म्हणून का सांगतेस, मला विचारत का नाहीस? तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. ती म्हणाली, "परक्या माणसासमोर आपल्या घरातल्या मुलीला समजत नाही म्हणून सांगू? उद्या पेणला कळलं तर?"

मी परोपरीने समजावलं. रडले, भांडले, एक वेळ जेवले नाही. ती हलली नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न गणिताचा नव्हताच. घरात आलेल्या माणसाने विचारलं की बरं आहे का, तर बरं आहे म्हणायचं. कुणी आजारी असलं तरी बरं आहे म्हणायचं. तसंच हे.

दुसऱ्या दिवशी मी थेट मास्तरांनाच म्हटलं, "मला समजलं नाही." मास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्याबाई, त्यांना समजलं का?" आत्या म्हणाली, "समजलं." आणि मास्तर पुढच्या उदाहरणाला लागले. मी आत जाऊन पाण्याचा हंडा पालथा केला. त्याने कुणाला काही शिक्षा झाली नाही, मलाच पुन्हा पाणी भरावं लागलं.

वाट सापडली ती श्रावणात, आणि ती सुचली याचा मला आजही नीटसा अभिमान वाटत नाही. मी आत्याला म्हटलं की तुला माझी लाज राखायची आहे ना, मग माझं नाव घेऊच नकोस. तुला स्वतःला समजलं नाही असं सांग. तू तिसरीपर्यंत शिकलेली बाई, तुला समजलं नाही तर त्यात घराची काय अब्रू जाणार आहे? हे मी फार सहज बोलले. आत्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग तिला ते पटलं. तिच्या न समजण्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे तिला पटवायला मला अजिबात कष्ट पडले नाहीत. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. आता आठवलं की लाज वाटते.

त्या संध्याकाळी मास्तरांनी समजलं का विचारल्यावर आत्या म्हणाली, "मला काही समजलं नाही. परत सांगा." मास्तरांचा चेहरा उजळला. बहुतेक त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना आपण होऊन परत सांगा म्हटलेलं नव्हतं. त्यांनी परत सांगितलं, हळू, पायरी पायरीने, आणि मला ते कळलं. मी उंबऱ्यावरून आत्याला डोळ्याने खूण केली की झालं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून नाही."

मला वाटलं तिला खूण दिसली नाही. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं आणि तिसऱ्या दिवशीही. आत्याला न समजण्याची परवानगी मिळाली होती, आणि ती वापरायचं तिने मनावर घेतलं होतं. मास्तर म्हणायचे दोरीला वजन नाही. आत्या म्हणायची अशी दोरी बाजारात मिळत नाही, खरं सांगा. मास्तर म्हणायचे कप्पी घासत नाही. आत्या त्यांना परसात नेऊन विहिरीवरचा रहाट दाखवायची. एका उदाहरणात वरून चेंडू टाकलेला होता आणि हवेचा विरोध धरू नये अशी सूचना होती.

"हवा नाही का तिथे?" आत्याने विचारलं.

"आहे, आत्याबाई. पण धरायची नाही."

आत्या वाल सोलता सोलता थांबली. "म्हणजे घरात आहे, पण मोजायची नाही. हे समजलं. चिरनेरला मी होते ना तशी. पुढचं सांगा."

मास्तरांनी खांबाकडे बघितलं आणि पाटी पुसून कोरी केली.

भाद्रपद उजाडला तरी आम्ही गतिशास्त्रातच होतो. उष्णता राहिली होती, प्रकाश राहिला होता, चुंबक तर पुस्तकातून बाहेरही आलं नव्हतं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते, आणि तेव्हाच ती होडी आली.

"आत्याबाई, समजा एक होडी आहे," मास्तर म्हणाले. नदीचं पाणी तासाला तीन मैल वाहतं. होडी तासाला चार मैल जाते. अगदी समोरच्या काठाला उतरायचं असेल तर होडीचं तोंड कुठे ठेवावं? सोपं उदाहरण होतं. पहिल्याच दमात मला कळलं. आत्याला मात्र ते कळेना. तोंड समोर ठेवलं तर समोर का पोचणार नाही? आणि तोंड भलतीकडे ठेवलं तर होडी समोर का जाईल? मास्तरांनी पाटीवर बाण काढले आणि त्यांच्या मधल्या कोनात थीटा लिहिला. आत्याला बाणांवर भरवसा नव्हता. त्यातच आमच्याकडे मासळी घालणारी कोळीण पायरीवर टोपली उतरवून बसली होती. तिनेही डोकं घातलं. तिचा नवरा बंदरावर होडी वल्हवायचा, तेव्हा तिला बोलायचा अधिकार होता.

"भरतीचा पानी हाय का ओहोटीचा?" तिने विचारलं.

मास्तर आत्याला म्हणाले की पाणी सदासर्वकाळ तीन मैलांनीच वाहतं. त्यावर कोळीण हसायलाच लागली. "आसा पानी नाय कुठं. आमी पानी उबा रातंय तवरी थांबताव, मग जाताव. घाई कोनाला हाय?"

आत्याला हे एकदम पटलं. तिने मास्तरांना सांगितलं की उदाहरणाचं उत्तर मिळालं, थांबायचं. मास्तरांनी पुस्तक उघडून शेवटच्या पानावरचं उत्तर पाहिलं, जणू तिथे खरंच 'थांबायचं' असं छापलेलं असावं. मग ते कष्टी होऊन म्हणाले की परीक्षेत हे चालणार नाही.

होडीवर सहा दिवस गेले. सहाव्या दिवशी माझा तोल सुटला. मास्तर गेल्यावर मी आत्याला म्हटलं की परीक्षा माझी आहे, तुझी नाही. मला पहिल्या दिवशीच समजलंय. तू आता समजलं म्हणून टाक आणि पुढे जाऊ दे.

ती शांतपणे म्हणाली, "तुला समजलं ना? मग गप्प बस. माझं राहिलंय."

मी अण्णांकडे गेले. गिरणीच्या धडधडाटात ओरडून ओरडून सांगितलं की आत्याला शिकवणीतून काढा. अण्णांनी कानाला हात लावून ऐकलं आणि मग तसंच ओरडून सांगितलं की अक्का नसेल तर शिकवणीही नाही. मी घरी आले आणि माजघरात पालथी पडून रडले. पेणच्या त्या कारकुनाला मी पाहिलंसुद्धा नव्हतं, पण मला त्याचा चेहरा आठवायला लागला. माझी आत्याच मला त्याच्याकडे पोचवत होती, तेही शिरा करून नव्हे, होडीने.

शेवटी मास्तरांनीच मार्ग काढला. आत्याला समजल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. रविवारी सकाळी आम्ही सगळे बंदरावर गेलो. मास्तर, आत्या, मी, आणि पायरीवरची कोळीण. तिचा नवरा आधीच होडी घेऊन उभा होता. खाडीला ओहोटीची ओढ होती. मास्तरांनी कोळ्याला बराच वेळ समजावलं की समोरच्या खुंटापाशी उतरायचं आहे, तर होडीचं तोंड अमुक इतकं प्रवाहाच्या वर ठेवा. कोळ्याने आदराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरा कसा ठेवत्यात?"

होडी निघाली. मास्तर एका टोकाला पाटी छातीशी धरून बसले होते, मी दुसऱ्या टोकाला, आणि मधे आत्या, शिकवणीच्या नियमाप्रमाणे. आत्याने होडीच्या नाकाकडे पाहिलं. ते वरच्या अंगाला, खारफुटीकडे रोखलेलं होतं. मग तिने पलीकडच्या खुंटाकडे पाहिलं. खुंट जागचा न हलता जवळ येत होता. नाक खारफुटीकडे आणि आम्ही खुंटाकडे, अशी आमची होडी तिरकी तिरकी सरळ गेली. खुंटापाशी टेकल्यावर तिने नाकाला एकदा आणि खुंटाला एकदा हात लावून पाहिला.

"करदोट्याचं बाळ ते हेच," ती म्हणाली. "नाक आणि समोर, यांच्या मधलं."

मास्तरांना इतका आनंद झाला की ते उभे राहिले, माझ्या टोकाशी आले आणि तिथून खाली उतरले. उतरायची जागा ती नव्हती. ते गुडघ्यापर्यंत चिखलात गेले, मग मांड्यांपर्यंत. पाटी सुटली आणि चिखलावर उताणी पडली. मी त्यांच्या सगळ्यात जवळ होते आणि माझ्या हाताशीच एक वल्हं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते दुसऱ्या बाजूला मान वळवून म्हणाले, "आत्याबाई, त्यांना सांगा, वल्हं जरा पुढे करा म्हणावं."

आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "वल्हं पुढे कर म्हणतायत." मी पुढे केलं. त्यांनी ते धरलं. कोळीण हसून हसून होडीतच आडवी झाली होती.

होडीनंतर सगळं वेगाने झालं, कारण मी शहाणी झाले होते. संध्याकाळी जे शिकायचं ते मी दुपारीच स्वयंपाकघरात आत्याला समजावून ठेवायची, म्हणजे ती मास्तरांना अडवणार नाही. उष्णता चुलीवर उरकली. प्रकाश आरशावर आणि पाण्यात वाकड्या दिसणाऱ्या पळीवर. ती सहजासहजी काही मान्य करायची नाही. एखादी पायरी मी गाळली तर तिचा हात थांबायचा आणि मग मलाच कळायचं की ती पायरी मलाही येत नाही. रोज दुपारी आम्ही दोघी भांडायचो. रोज वालाचं बिरडं व्हायचं. त्या चार महिन्यांत आमच्या घरी इतके वाल सोलले गेले की अण्णांनी एकदा ताटावर हात आडवा धरून कळवळून विचारलं की विज्ञानात दुसरी भाजी नसते का.

ऑक्टोबरात मी मुंबईला जाऊन परीक्षा दिली. गणिताचा पेपर हातात आला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. छापील अक्षरं एकमेकांत मिसळली आणि मला एकही ओळखू येईना. मग मी डोळे मिटून हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली, नागाच्या शेपटीशी शून्य, फण्यावर पाट, पुढे फुली. लगेच सगळं आपापल्या जागी बसलं. मी तशीच पुटपुटत लिहीत गेले. सुपरवायझर दोनदा माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं की तुम्ही काय म्हणताय. मी म्हटलं, स्तोत्र. ते लांब जाऊन उभे राहिले.

निकाल लागला तेव्हा पेणचे लोक उत्तरासाठी अडून बसले होते आणि आत्याने त्यांना एक अक्षर कळवलेलं नव्हतं. निकाल मुंबईच्या पेपरात यायचा आणि पेपर सकाळच्या एसटीने. मास्तर पहाटेपासून स्टँडवर जाऊन बसले होते. मला घरातून हलू दिलं नव्हतं. मी खांबाला पाठ लावून उभी होते. अण्णा गिरणी चालू ठेवून तसेच आले होते, अंगभर कोंडा. आत्या नेहमीच्या जागी बसली होती. सूप पुढ्यात होतं, पण ती काही सोलत नव्हती.

मास्तर जवळजवळ पळत आले. उघडलेला पेपर त्यांच्या हातात फडफडत होता. ते पायरीपाशी थांबले. त्यांनी खांबाकडे पाहिलं, पण खांबाला मी टेकलेली होते, म्हणून त्यांनी घाईघाईने नजर मधे वळवली. आणि चार महिन्यांच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "आत्याबाई, तुम्ही पास झालात."

अण्णा मोठ्याने हसले. "अहो मास्तर, अक्का कसली," ते म्हणाले. पण पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण आत्या उभी राहिली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे घेतला. ती हसत नव्हती.

"परत सांगा," ती म्हणाली.

रोज संध्याकाळी ती मास्तरांना याच शब्दांत अडवायची. पण आज तिचा आवाज कापत होता. मास्तरांना आपली चूक कळली होती, त्यांचे कान लाल झाले होते. ती चूक दुरुस्त करणं अगदी सोपं होतं. त्यांनी पेपराची घडी घातली आणि पहिल्यांदाच, खांब नाही, रस्ता नाही, सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"आत्याबाई," ते हळू म्हणाले, "तुम्ही पास झालात. गणितात झालात आणि फिजिक्समध्येही झालात."

आत्या पाटावर खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. आमच्या घरात तिला रडताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की पास मी झालेय, नंबर माझा आहे, मुंबईला मी जाणार आहे. मला रागही आला होता, खोटं कशाला बोलू. पण मी तोंड उघडलं नाही. माझ्यासारख्या बाईने आयुष्यात वेळेवर गप्प बसल्याचे प्रसंग फार नाहीत. तो एक आहे.